पहिल्या पाचात कोण?

क्लीव्हलँड, ११ जून २०१५. एनबीएच्या अंतिम मालिकेतला चौथा सामना. साखळीत ८२ पैकी ६७ सामने जिंकून आलेला गोल्डन स्टेट वॉरियर्सचा संघ १-२ असा पिछाडीवर होता. सामन्याआधी वॉरियर्सची पाच नावं जाहीर झाली आणि त्यांत अँड्र्यू बोगट नव्हता. सात फूट उंचीचा हा ऑस्ट्रेलियन सेंटर म्हणजे संघाच्या बचावाचा कणा. त्याच मोसमात लीगच्या सर्वोत्तम बचावपटूंच्या दुसऱ्या फळीत त्याची निवड झाली होती. त्याच्या जागी उतरला आंद्रे इग्वोडाला. उंची साडेसहा फूट, वय ३१, आणि त्या अख्ख्या साखळीत एकाही सामन्यात सुरुवातीला न उतरलेला.

आपल्याकडे तेव्हा १२ तारखेची सकाळ होती. माझी थोरली बहीण एका शाळेत मुलींना बास्केटबॉल शिकवते. मी शिकवत नाही. सामने बघतो, आकडे ताडून पाहतो, लिहितो. त्या सकाळी आमच्यात जो वाद लागला तो अजून चालू आहे. मला तो या खेळातला सर्वांत अवघड प्रश्न वाटतो, म्हणून तो मिटवायची घाईही वाटत नाही. परवा तो पुन्हा रंगला, तो असा.

मी : ताई, पहिले तीन सामने आठव. क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह खांद्याच्या दुखापतीनं आधीच बाहेर, कायरी अर्व्हिंगची गुडघ्याची वाटी पहिल्याच सामन्यात मोडलेली. तरी वॉरियर्सना मार्ग सापडत नव्हता. लेब्रॉन जेम्सनं खेळाची गतीच मारून टाकली होती. दर चढाईला चेंडू हातात ठेवायचा, घड्याळ संपत आलं की मग हल्ला. बचावात मोझगोव्ह आणि ट्रिस्टन थॉम्पसन हे दोन धिप्पाड गडी. बोगटला लांबून बास्केट करता येत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. मग त्याच्या मागे बाहेर यायचंच कशाला? मोझगोव्ह त्याला मोकळा सोडून रिंगखाली उभा राहायचा आणि स्टीफन करी आत घुसला की समोर हा ठाकलेला. दुसऱ्या सामन्यात करीनं २३ शॉट घेतले, आत गेले फक्त ५.

ताई : ती कोंडी मलाही दिसत होती. मग बोगटला चौथ्या मिनिटाला बाहेर काढ, दिवसभरात दहाच मिनिटं दे. कोण अडवतंय? मी बोलतेय ते सुरुवातीबद्दल. ज्याच्या भरवशावर मोसमभर बचाव उभा केलास, त्याला पहिला कठीण दिवस आला की पाचातून काढतोस. बाकावरचे बाकीचे ते बघत असतात. उद्या माझी पाळी, हे प्रत्येकाच्या मनात येतं. संघ असा भीतीवर चालत नाही.

मी : आणि निकाल?

ताई : निकाल सांगू नकोस, मला पाठ आहे. आधी ०-७ ने मागे पडले, मग पहिल्या क्वार्टरअखेर ३१-२४ पुढे, आणि शेवटी १०३-८२. पण निकालावरून निर्णय जोखायचा असेल तर वाद कशाला घालायचा, गुणफलक वाचून दाखव. निर्णय घेताना त्या माणसाच्या हातात काय होतं, एवढंच बघायचं.

ताईची ही अट मला नेहमीच मान्य असते. खेळावर लिहिणारे आम्ही बहुतेक जण ती पाळत नाही. जिंकला तो शूर, हरला तो उतावळा असं लिहून मोकळे होतो. तेव्हा त्या रात्री प्रशिक्षक स्टीव्ह कर यांच्या हातात काय होतं ते पाहू.

त्यांच्या ताफ्यात निक यूरेन नावाचा २८ वर्षांचा सहायक होता. व्हिडिओ कापणं, जुळवणं हे त्याचं मुख्य काम. तिसरा सामना हरल्यावर त्यानं वर्षभरापूर्वीची अंतिम मालिका काढली. २०१४ मध्ये सॅन अँटोनियो स्पर्सनी मायामीविरुद्ध तिसऱ्या सामन्यात ब्राझीलचा उंच सेंटर टिआगो स्प्लिटर याला बसवून फ्रान्सचा बोरिस दियाँ सुरुवातीला उतरवला होता. दियाँ पास उत्तम द्यायचा, लांबून शॉटही घ्यायचा. मायामीच्या बचावाला बाहेर यावं लागलं, आतली जागा मोकळी झाली, आणि स्पर्सनी पहिल्या अर्ध्यात ७१ गुण काढले. मालिका त्यांनी ४-१ अशी जिंकली. यूरेनची सूचना रात्रीतूनच वरपर्यंत पोहोचली आणि कर यांनी ती उचलली. जिंकल्यावर त्यांनी श्रेयही त्याला जाहीरपणे दिलं.

मी : म्हणजे ही जुगारी उडी नव्हती. पुरावा होता. आणि त्याहून मोठी गोष्ट ऐक. तू पाचवा खेळाडू कोण घेतेस यावर समोरच्याचा पाचवा कोण, हे ठरतं. बोगट मैदानात असला की मोझगोव्हला रिंगखाली नुसतं उभं राहायचा पगार मिळतो. बोगट नसला की मोझगोव्हला बाहेर पळावं लागतं.

ताई : आणि बोगट नसला की मोझगोव्हला रिंगखाली अडवणारंही कुणी नसतं. त्या सामन्यात त्यानं २८ गुण काढले. ड्रेमंड ग्रीन साडेसहा फुटांचा, मोझगोव्ह सात फूट एक इंच. किंमत मोजावीच लागली ना?

मी : लागली. पण हिशोब बघ. मोझगोव्हला दोन-दोन गुण करू द्यायचे आणि बदल्यात सामना पळवायचा. लेब्रॉनला दर वेळी मागे धावावं लागलं. पहिल्या तीन सामन्यांत त्याचे ४४, ३९, ४० गुण. चौथ्यात २०, तेही २२ शॉट घेऊन. आणि पाचव्या सामन्यात काय झालं? क्लीव्हलँडच्या प्रशिक्षकांनी मोझगोव्हलाच जेमतेम ९ मिनिटं खेळवलं. आदल्या सामन्यात २८ गुण करणारा माणूस! वॉरियर्सनी आपला सेंटर बसवून समोरच्याचा सेंटर बसवायला लावला.

ताई यावर काही बोलली नाही, पण तिला हे पटतं हे मला माहीत आहे. बास्केटबॉलमधलं खरं शहाणपण इथेच आहे असं मला वाटतं. पाच उत्तम खेळाडू निवडणं फारसं अवघड नसतं. कोणते पाच एकत्र उभे राहिले की समोरच्या पाचांना नको त्या जागी उभं राहावं लागेल, हे ओळखणं अवघड. क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला हे चटकन उमगत नाही. तिथे अकराजण ठरले की सहसा ठरले. कसोटीतून वगळलेला फलंदाज दुपारी पॅड बांधून येऊ शकत नाही. इथे अदलाबदलीला मर्यादाच नाही. ४८ मिनिटांच्या सामन्यात प्रत्येक संघाची पाच जागांची मिळून २४० मिनिटं असतात आणि प्रशिक्षकानं ती वाटायची असतात. सुरुवात हा त्या वाटपाचा फक्त पहिला हप्ता. बाकावर बसलेला माणूस संघाबाहेर नसतो. अनेकदा तो सर्वांत महत्त्वाच्या मिनिटांसाठी राखून ठेवलेला असतो.

ही कल्पना नवी मुळीच नाही. बोस्टन सेल्टिक्सचे रेड आउअरबाख यांनी ती १९५० च्या दशकातच राबवली. फ्रँक रॅम्झी हा त्यांचा पहिला गाजलेला सहावा खेळाडू. सुरुवातीचे पाच दमू लागले की ताजा रॅम्झी आत यायचा आणि सामन्याचा नूर पालटायचा. त्याच्यानंतर १९६२ मध्ये आला जॉन हॅव्हलिचेक. त्यानंही कारकिर्दीची पहिली वर्षं याच भूमिकेत काढली आणि निवृत्त झाला तो २६,३९५ गुणांवर, जे आजही सेल्टिक्सकडून कुणीही केलेले सर्वाधिक गुण आहेत. सामना सुरू कोण करतो यापेक्षा संपताना मैदानात कोण असतं, हे आउअरबाख महत्त्वाचं मानत.

ताई : हॅव्हलिचेकचं नाव तू घेणार, जिनोबिलीचंही घेणार. घे.

मी : का नको घेऊ? मानू जिनोबिली. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अर्जेंटिनाला सुवर्णपदक मिळवून देणारा. स्पर्सबरोबर चार विजेतेपदं. १,०५७ साखळी सामन्यांपैकी सुरुवात केली फक्त ३४९ मध्ये. कोणत्याही दुसऱ्या संघात तो रोज सुरुवात करता. ग्रेग पॉपोविच यांनी त्याला बाकावरून आणलं, कारण टिम डंकन आणि टोनी पार्कर दम खायला बसले की दुसऱ्या फळीला चालवणारा माणूस हवा होता. आज तो हॉल ऑफ फेममध्ये आहे. बाक त्याच्या आड आला का?

ताई : नाही आला. पण बाक आणि बाक यांत फरक असतो. जिनोबिलीला ठाऊक होतं की शेवटच्या पाच मिनिटांत मी मैदानात असणार. त्याला मिनिटं होती, मान होता, चेंडू त्याच्या हातात होता. त्याला सहावा म्हणायचं ते फक्त कागदावर. बोगटला त्या रात्री तीनेक मिनिटं मिळाली आणि पुढच्या दोन सामन्यांत जवळजवळ काहीच नाही. तू मला सन्मानानं राखून ठेवलेल्या माणसाचं उदाहरण देतोस आणि त्यावरून काढून टाकलेल्या माणसाचं समर्थन करतोस.

हा मुद्दा ताईनं पूर्वी इतक्या नेमकेपणानं मांडला नव्हता. त्याला माझ्याकडे चोख उत्तर नाही, पण अर्धं उत्तर आहे, आणि ते आहे खुद्द स्टीव्ह कर यांच्या कारकिर्दीत. खेळाडू म्हणून ते ९१० सामने खेळले आणि सुरुवात केली अवघ्या ३० मध्ये. तरी १९९७ च्या अंतिम मालिकेत, युटाविरुद्धच्या सहाव्या सामन्यात, ८६-८६ अशी बरोबरी आणि शेवटचे काही सेकंद उरलेले असताना मायकेल जॉर्डननं चेंडू त्यांच्याकडे टाकला. शॉट पडला, शिकागोनं विजेतेपद घेतलं. बाकावरून उठून येणं म्हणजे काय हे अंगानं जाणणारा माणूस चौथ्या सामन्याची यादी लिहीत होता. वरच्या फळीतून खालच्याला हुकूम सोडावा तशी ती यादी नव्हती.

मी : शिवाय कर यांनी बाकावर बसवण्याचा हा नियम आधी बोगटला लावला नाही. आधी लावला इग्वोडालाला. २०१४ च्या ऑक्टोबरपर्यंत त्यानं कारकिर्दीत ७५८ साखळी सामने खेळले होते आणि प्रत्येक सामन्यात, प्रत्येकच्या प्रत्येक, सुरुवात केली होती. ऑलस्टार होता, ऑलिंपिक विजेता होता. कर नवे आले आणि म्हणाले, तू बाकावरून ये. हॅरिसन बार्न्स तरुण आहे, दुसऱ्या फळीबरोबर तो चाचपडतो, करी आणि क्ले थॉम्पसनच्या शेजारी उभा राहिला की खुलतो. तू कुठेही खेळ उभा करू शकतोस. म्हणून तू.

ताई : म्हणजे जास्त चांगला आहेस म्हणून खाली बस.

मी : हो! आणि मला तेच विलक्षण वाटतं.

ताई : माझ्या मुलींपैकी एकीला हे सांगून बघ.

मी : तू सांगत नाहीस?

ताई : सांगते. आणि दुसऱ्या दिवशी पालक येतात. मुलगी पहिल्या पाचात का नाही? मुलीला समजलेलं असतं, घरच्यांना पटत नाही. पहिल्या पाचात असणं म्हणजे नाव पुकारलं जाणं. तू म्हणशील ती नुसती हौस आहे. एनबीएतही दिवे मालवून, एकेका नावावर झोत टाकून पाचच जणांना आत बोलावतात. सहाव्याला नाही बोलावत. मोठमोठे खेळाडू त्यावर अडून बसले. अ‍ॅलन आयव्हरसन २००९ मध्ये मेम्फिसला गेला, बाकावरून तीन सामने खेळला आणि संघच सोडून निघाला. २००१ चा एमव्हीपी, लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू. त्याला मूर्ख म्हणशील?

मी : मूर्ख नाही म्हणणार. पण त्यानं स्वतःचंच नुकसान केलं.

ताई : केलं. पण का केलं ते समजून घे. शिवाय पैसा असतो. पहिल्या फेरीत निवडलेल्या तरुण खेळाडूचा पहिला करार संपतो तेव्हा क्लबनं द्यायच्या प्रस्तावाची रक्कम त्यानं ४१ सामन्यांत सुरुवात केली का, किंवा २००० मिनिटं खेळला का, यावरही ठरते. नियमांच्या कागदातच सुरुवातीला किंमत दिलेली आहे. मग प्रशिक्षकानं म्हणायचं की सुरुवातीला काही अर्थ नाही, आणि खेळाडूनं मान डोलवायची?

हे खरं आहे, आणि आकड्यांवर प्रेम करणाऱ्या माझ्यासारख्यांनी ते लक्षात ठेवायला हवं. खेळाडू मैदानात असताना संघ किती गुणांनी पुढे गेला किंवा मागे पडला, हे आता मिनिटामिनिटाला मोजतात. त्यात पहिलं मिनिट आणि तेविसावं मिनिट सारखंच. खेळाडूच्या आयुष्यात ती सारखी नसतात. इग्वोडालालाही ऑक्टोबरमधला तो निर्णय सहज पचला नव्हता. त्यानं तो स्वीकारला, आणि संघातल्या सर्वांत सन्माननीय माणसानं स्वीकारला म्हटल्यावर पुढे कुणाला तक्रार करायला तोंड उरलं नाही. डेव्हिड ली याचीही तीच गोष्ट. त्या वर्षी वॉरियर्समध्ये सर्वाधिक पगार त्याचा, दोनदा ऑलस्टार. मोसमाच्या तोंडावर त्याच्या मांडीचा स्नायू दुखावला. त्याच्या जागी उतरला ड्रेमंड ग्रीन, २०१२ च्या ड्राफ्टमध्ये ३५ व्या क्रमांकावर उचललेला. ली बरा होऊन परतला तोवर ती जागा ग्रीनची झाली होती. कायमची. लीनं कुरकुर न करता मिळतील ती मिनिटं घेतली, तिसऱ्या सामन्यात उतरून चांगला खेळलाही, आणि त्याच उन्हाळ्यात त्याला बोस्टनला धाडण्यात आलं.

बोस्टनचंच त्याच्या तीस वर्षं आधीचं उदाहरण या जागी मला फार टोचतं. सेड्रिक मॅक्सवेल हा १९८१ च्या अंतिम मालिकेचा एमव्हीपी. १९८५ मध्ये त्याचा गुडघा दुखावला आणि तोवर बाकावरून येणारा केव्हिन मॅकहेल सुरुवातीच्या पाचात गेला. मॅकहेल थोर खेळाडू, निर्णयात खोट काढायला जागा नाही. पण चारच वर्षांपूर्वी ज्यानं विजेतेपद जिंकून दिलं तो मॅक्सवेल त्या उन्हाळ्यात बिल वॉल्टनच्या बदल्यात दुसऱ्या क्लबला दिला गेला. या खेळात जागा गेली की बहुधा गावही सुटतं. ताई बोगटचा कैवार घेते त्यामागे हे भान आहे.

ताई : आणखी एक. चौथ्या सामन्याच्या दिवशी सकाळी पत्रकारांनी कर यांना सरळ विचारलं होतं, पाचात बदल आहे का? ते नाही म्हणाले. नंतर त्यांनीच मान्य केलं की खोटं बोललो.

मी : समोरच्या संघापासून लपवायला. उघड केलं असतं तर क्लीव्हलँडला दिवसभर तयारीला मिळाला असता.

ताई : पत्रकारांशी खोटं बोलले त्याचं मला काही नाही. मला भीती वेगळीच वाटते. जागेच्या बाबतीत एकदा खोटं बोललेल्या माणसाच्या शब्दाला खेळाडू पुढच्या वेळी किती मान देईल? मी मुलींना आदल्या दिवशी सांगते. तोंडावर. का ते सांगते. रडली तर रडू देते. पण कागदावर वाचून तिला कळता कामा नये.

मी : खेळाडूंना कर यांनी अंधारात ठेवलं असं कुठे आहे? पत्रकारांना ठेवलं. ऑक्टोबरात इग्वोडालाला त्यांनी समोर बसवून कारण सांगितलं होतं. तू म्हणतेस तेच त्यांनी आठ महिने आधी केलं. म्हणून जूनमध्ये एका रात्रीत पाच बदलता आले. ज्या संघात सुरुवातीची जागा ही कुणाच्या मालकीची नाही हे पहिल्या महिन्यातच, सर्वांत मोठ्या नावावर लावून दाखवलं जातं, तिथे तो बदल करता येतो. जिथे नाही, तिथे तोच बदल केला की संघ फुटतो.

ताई : हे मात्र बरोबर बोललास. हे तू पहिल्या दिवशी बोलायला हवं होतंस.

इतक्या वर्षांत माझं मत जिथे येऊन ठरलं आहे ते हेच. चौथ्या सामन्यातला बदल योग्य होता असं मी अजूनही ठामपणे मानतो. पण तो योग्य ठरवण्याइतकी पत त्या संघात इग्वोडालानं आठ महिने बाकावर बसून जमवली होती. मालिका वॉरियर्सनी ४-२ जिंकली, १९७५ नंतरचं त्यांचं पहिलं विजेतेपद. एमव्हीपीसाठी ११ मतं होती, त्यांतली ७ इग्वोडालाला आणि ४ पराभूत संघाच्या लेब्रॉनला पडली. साखळीत एकदाही सुरुवात न करता अंतिम मालिकेचा एमव्हीपी झालेला तो पहिलाच. त्याचं कौतुक भरपूर झालं आणि व्हायलाच हवं होतं. बोगटनं त्याच मोसमात रिंगखाली उभं राहून जिंकून दिलेले सामने मात्र कुणी मोजत नाही, आणि याचं मला ताईइतकंच वाईट वाटतं.

ताईनं शेवटचा पत्ता राखून ठेवला होता.

ताई : आता २०१६ ला ये. तोच प्रतिस्पर्धी. तुझे वॉरियर्स ७३ सामने जिंकून आलेले, मालिकेत ३-१ पुढे. पाचव्या सामन्यात बोगटचा गुडघा गेला. सहाव्यात कर यांनी काय केलं?

मी : इग्वोडाला सुरुवातीला. तेच पाच.

ताई : पहिला क्वार्टर?

मी : ३१-११. क्लीव्हलँडच्या बाजूनं.

ताई : लेब्रॉनचे ४१ गुण. रिंगखाली त्याला अडवायला कुणी नव्हतं. ज्याला वर्षभरापूर्वी तू जड म्हणून बसवलास, तो नसला की काय होतं ते दिसलं. २०१५ मध्ये अर्व्हिंग आणि लव्ह बाहेर होते म्हणून तुझी ती ठेंगणी फळी चालली. ते दोघं परत आल्यावर तीच युक्ती उघडी पडली.

मी : म्हणजे समोर कोण आहे त्यावर पाच ठरतात, हे माझंच म्हणणं झालं.

ताई : अर्धं तुझं. उरलेलं अर्धं असं, की ज्या माणसाची आज गरज नाही त्याला असं वागव, की परवा गरज पडली तर तो तुझ्यासाठी जीव टाकेल.

मी : बोगट जायबंदी होता, ताई. त्याच्या मनाचा प्रश्नच नव्हता.

ताई : त्याच्या नव्हता. बाकीच्यांच्या होता. महिन्याभरात केव्हिन ड्युरंटसाठी जागा करायला बोगटला डॅलसला पाठवलं. बार्न्सही डॅलसलाच गेला. ज्या बार्न्ससाठी इग्वोडालाला बसवलं होतं, तोच.

मी : ड्युरंट मिळत असताना कोणताही क्लब हेच करेल.

ताई : करेल. मी चूक म्हणत नाही. मी म्हणते, हे सगळं खेळाडू बघत असतात आणि तू त्याला आकड्यात धरत नाहीस.

मग आम्ही सातव्या सामन्याला आलो. १९ जून २०१६, ओकलंड. कर यांनी इग्वोडालाला पुन्हा बाकावर ठेवलं आणि सेंटर फेस्टस एझेलीला सुरुवातीला उतरवलं. एझेली फार थोडा वेळ टिकला. सामना ८९-८९ वर अडला, इग्वोडाला रिंगकडे धावला, लेब्रॉननं मागून येऊन त्याचा शॉट बोर्डावर दाबला, अर्व्हिंगनं तीन गुणांचा शॉट मारला, आणि वॉरियर्स ८९-९३ हरले.

मी : मी असतो तर इग्वोडालालाच उतरवलं असतं. एका वाईट क्वार्टरवरून मत बदलायचं नसतं. ते पाच मोसमभर जगातले सर्वोत्तम पाच होते.

ताई : सहाव्या सामन्यात त्याची पाठ आखडली होती. तू बघितलंस ना त्याला चालताना? अशा माणसाला पहिल्या मिनिटापासून लेब्रॉनच्या अंगावर सोडायचं आणि शेवटी त्याच्याकडून अपेक्षा करायची? मी एझेलीच उतरवला असता. पहिली पाच मिनिटं फक्त. इग्वोडाला राखून.

मी : आणि त्या पाच मिनिटांत मागे पडलीस तर?

ताई : पडले तर पडले. पाच मिनिटांतले सहा-सात गुण भरून काढता येतात, हे २०१५ मध्ये तूच मला दाखवलंस. आणि तुझे ते शेवट करणारे पाच? शेवटच्या साडेचार मिनिटांत वॉरियर्सना एकही गुण मिळाला नाही. तेव्हा बहुतेक वेळ मैदानात कोण होतं, सांग.

मी : तेच पाच. पण दमलेले, ताई. एझेलीच्या मिनिटांत झालेलं नुकसान भरून काढता काढता दमलेले.

ताई : की मोसमभर तेच वापरले म्हणून दमलेले? ८२ सामने, त्यावर प्लेऑफ. तू मला त्यांची मिनिटं काढून दे. एकेकाची, महिन्यावारी. मग बोलू.

ती मी काढतो आहे.